गुरुवारी सकाळी दहा वाजता

वडिलांना पुरून पर्थला परत गेलेला आल्विझे बारा वर्षांनी व्हेनिसला येणार होता, बायको-मुलांना घेऊन, चारच दिवसांसाठी. त्याच्या आईनं, आमच्या शेजारच्या नीव्हेसबाईंनी, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळा बेत लिहून काढला होता. मी कॉफी घ्यायला गेले, तेव्हा त्या फोन स्पीकरवर ठेवून त्याला तो वाचून दाखवत होत्या.

“मंगळवारी मोठा चौक. बुधवारी बुरानो बेट, तिथली रंगीत घरं मुलांना आवडतील. गुरुवारी सकाळी दहाला दफनभूमी.”

“आणि गोंडोला कधी?”

“गोंडोला? अरे, आपल्या सात पिढ्यांत कोणी पैसे मोजून गोंडोलात बसलं नाही!”

“मुलं हटून बसलीत, आई. असं कर, गुरुवारीच गोंडोला ठेव. दफनभूमीत मुलांना काय दाखवायचं? बाबा कुठे पळून चाललेत? पुढच्या वेळी जाऊ.”

नीव्हेसबाईंनी पेन उचललं.

“बरं. मुलांना स्वेटर आणा. पाण्यावर गार वारा असतो.”

त्यांनी गुरुवारची ओळ खोडून वर ‘गोंडोला’ लिहिलं. मग दफनभूमीच्या कचेरीला फोन लावला.

“गुरुवारी दहाला माझ्या नवऱ्याची कबर रिकामी करणार आहात ना? बारा वर्षं भरली, जागा दुसऱ्याला द्यायचीय, असं तुमचं पत्र आलंय. नाही, मुलगा नाही येणार. मी एकटीच येईन.” त्यांनी आवाज खाली आणला. “हाडांची ती पेटी मला एकटीला उचलवेल ना?”