चोविसावा मार्क

“आजी, आज वार कोणता?”

मंजुळाबाईंनी भिंतीकडं पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी कॅलेंडर आधीच उलटं करून ठेवलं होतं. मग त्यांनी शेजारच्या खुर्चीतल्या नवऱ्याकडं पाहिलं. मुंजाबांची हनुवटी गुळगुळीत होती. ते आठवड्यातून एकदाच दाढी करत.

“बुधवार,” मंजुळाबाई म्हणाल्या.

परीक्षा तीस मार्कांची होती. पास व्हायला चोवीस हवे होते. हा आकडा डॉक्टरीणबाईंचा. त्याला जोडलेली अट मात्र मुलाची, म्हणजे कारभारीची, म्हणजेच सुनेची होती. चोवीस पडले तर नातीला शाळेच्या बसवरून आणायचं काम आईकडं राहणार होतं. तेवीस पडले तर नाही. बस मुकुंदवाडीत रुळांच्या पलीकडं थांबते. गेल्या आठवड्यात आजी आणि नात तासभर उशिरा घरी पोचल्या होत्या. “देवळात गेलतो,” आजीनं सांगितलं. “त्या देवळात देवच नव्हता,” नात म्हणाली, “नुसती भांड्यांची दुकानं होती.”

मंजुळाबाईंना ते काम सोडायचं नव्हतं. मेंढरं विकल्यापासून घराकडं वळवून आणायला तेवढी एकच उरली होती.

“आपण आत्ता कोणत्या शहरात आहोत?”

“नवं नाव सांगू का जुनं?”

“कोणतंही चालेल.”

मंजुळाबाईंनी दोन्ही सांगितली. “आता मार्कबी दोन द्या,” म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी एकच दिला. सरकारी कागदाला इतकी हजरजबाबी माणसं अपेक्षित नसतात.

शंभरातून सात, पुन्हा सात, असं उलटं मोजायचं होतं. मंजुळाबाईंनी सात-सात मेंढरं कुंपणाबाहेर काढल्यासारखी बोटं हलवली आणि भराभर मोजत खाली आल्या. डॉक्टरीणबाई मोबाइलवर ताळा करत मागं राहिल्या. लक्षात ठेवायला दिलेल्या तीन शब्दांपैकी मात्र एकच परत आला. बाकीचे दोन वाटेतच कुठंतरी चरत राहिले.

मध्येच कारभारीनं मेंदूच्या तपासणीचं चित्र पुढं केलं. “मॅडम, तुमच्या नमुन्याच्या चित्रापेक्षा आमच्या आईचा मेंदू जास्त पेटलाय. लाल-पिवळा बघा कसा. म्हणजे चांगलंच हाय ना?”

“विसर पडायला लागला की सुरुवातीला कधी कधी असंच दिसतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पूर्वी जे काम एका हाकेत व्हायचं, त्याला आता मेंदू दहा हाका मारतो. उत्तर तेच येतं, पण राबावं दुप्पट लागतं.”

कारभारीला हे कळलं नाही. मंजुळाबाईंना कळलं.

“एक मेंढरू गेलं की तसंच व्हतं,” त्या म्हणाल्या. “ऱ्हायलेली दहादा मोजावी लागत्यात.”

डॉक्टरीणबाईंनी हे लिहून घेतलं. कागदावर त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिलं.

बेरीज तेवीसवर आली. एकच प्रश्न उरला होता. इथल्या माणसांची उगाच विकेट पडू नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी तो सोपा प्रश्न स्वतः घातला होता.

“नवऱ्याचं नाव काय?”

मंजुळाबाईंनी पदर पुढं ओढला.

“ती न्हाई घ्यायची,” मुंजाबा खुर्चीत ताठ झाले. “पंचावन्न वर्सांत येकदाच घेतलंय. तेबी बहिणीनं दार अडीवलं म्हणून.”

“मग उखाण्यात घ्या, आजी.”

मंजुळाबाई हसल्या. क्षणभर डोळे मिटले. मग आवाज थेट मांडवातला लागला:

“माळावर चरली मेंढरं, ओढ्यावर आली पाण्याला...”

पुढच्या ओळीच्या तोंडाशीच नाव होतं. तिथं त्या थांबल्या. पदर तोंडावर गेला. कान लाल झाले. कारभारीनं टाळी वाजवली. दारातली नर्स “अय्या” म्हणाली. मुंजाबांनी मांडीवरचा पटका उचलून डोक्यावर ठेवला. इतका मान बसल्या बसल्या बोडक्या डोक्यानं कसा घ्यायचा?

डॉक्टरीणबाईही हसल्या. त्या शिकलेल्या होत्या, पण रीत जाणत होत्या. त्यांनी तो मार्क दिला. चोवीस झाले.

कारभारीनं तिथूनच बायकोला फोन लावला. “आई पास!” तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की बाहेर बसलेल्या पेशंटांना परीक्षा असल्याचं कळलं आणि ते घाबरले. मुंजाबांना चहा हवा होता. तिघं जिन्यापर्यंत पोचले.

“तुमी व्हा म्होरं,” मंजुळाबाई म्हणाल्या. “माझी पिशवी ऱ्हायली.”

पिशवी त्यांच्या काखेत होती. ते कुणी पाहिलं नाही. त्या पुन्हा खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं.

“बाई, शेवटचा मार्क खोडा.”

“का हो आजी? ती तुमची रीत आहे. मला मान्य आहे.”

“लेकरू रुळावरून आणायचं असतं, बाई. फुकटचा मार्क नगं.” मंजुळाबाईंनी जिन्याच्या बाजूला कान दिला. खालून नवऱ्याचं हसणं ऐकू येत होतं. ते हसणं नवऱ्याचंच आहे, एवढं त्या खात्रीनं सांगू शकत होत्या. “आन् त्यान्ला सांगू नका. लई खूश हायेत.”

डॉक्टरीणबाईंचं पेन तसंच राहिलं.

“नाव घ्यायचं न्हाई, येवढं मला याद हाय,” मंजुळाबाई म्हणाल्या. “नाव काय, ते न्हाई.”