स्वच्छ नगराची वेस

रंगांचे कारखाने पाडून तिथे हिरवं नगर वसवलं, तेव्हा जुन्या कामगारांनाही घरं मिळाली. पण वेशीवरच्या यंत्रावर तळहात टेकवायचा आणि अंगात विष नाही असं निघालं, तरच आत जायचं. रखमाजी सकाळपासून तीनदा वजरीने अंग घासून आला होता. तरी दिवा लाल झाला.

"बाबा, इथली माती बदलली, विहिरी उपसल्या," यंत्राजवळची मुलगी हळूच म्हणाली, "पण तुमच्या रक्तातला रंग कसा काढायचा? नियमाने तुम्ही बाहेरच."

"मग ह्या मायलेकींना तरी जाऊ दे. त्यांनी कारखान्याचं फाटकसुद्धा पाहिलेलं नाही."

त्याच्या बायकोने, सरूबाईने, हात टेकवला. दिवा लाल.

"मावशी, तुम्ही कुठं कामाला होता?"

"कुठं गं? ह्यांचे कपडे धुतले, तीस वर्षं."

आता त्यांची लेक शालन पुढे झाली. रखमाजीने झटकन तिचं मनगट धरलं.

"बाबा, सोडा ना. बघू तरी."

"अहो काका," मागून कुणीतरी ओरडलं, "लेकीला सासरी धाडताय का? सरका पुढं!"

रांगेत हशा पिकला. रखमाजीने मनगट सोडलं नाही.