पहिला आवाज

"...आणि म्हणून मी आज अध्यक्षपद सोडतो आहे," असं म्हणून साहेबांनी चष्मा काढला आणि ते काचा पुसू लागले.

सभागृह शांत होतं. कुणाला धक्का बसला होता असं नाही. उलट सगळे घसा साफ करून तयार बसले होते. पक्ष एका प्रांतापुरता, पण रीतभात मोठ्या पक्षांची. दर वर्षीच्या अधिवेशनात साहेब राजीनामा देत. लगेच पहिल्या रांगेतून त्यांचा मेहुणा उठून ओरडे, "नाही, नाही!" त्याच्यामागून सगळं सभागृह ओरडे. साहेब मान खाली घालत, चष्मा पुन्हा चढवत आणि नव्या अध्यक्षाची निवड पुढच्या वर्षावर जाई. "साहेब गहिवरले," असं दुसऱ्या दिवशी छापून येई.

यंदा मात्र मेहुणा छताच्या पंख्याकडे बघत बसला होता. त्याच्या दोन्ही गालांत पेपरमिंटच्या गोळ्या कोंबलेल्या होत्या. शेजारी त्याची थोरली बहीण, म्हणजे साहेबांची बायको. सगळा पक्ष त्यांना वहिनी म्हणे. त्यांनीच सकाळी भावाला बजावलं होतं, "आज तोंड उघडलंस तर पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही." त्याचा स्वतःच्या तोंडावर भरवसा नव्हता, म्हणून गोळ्या.

वहिनींना नवरा घरी हवा होता. इतकी साधी गोष्ट, पण ती मागणं त्यांना कधी जमलं नव्हतं. पक्ष म्हणजे साहेबांचा जीव की प्राण, असं सगळेच म्हणत. मग तो सोडा म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? घरच्या गॅलरीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर वहिनी बसत, दुसरीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. दर अधिवेशनाच्या आदल्या दिवशी साहेब कचेरीतला खण रिकामा करून पेनं, औषधं, जुना स्वेटर घरी आणत. अधिवेशनाहून परत आले की मात्र न जेवता झोपून जात. नाटक वठवायचं म्हणून खणसुद्धा रिकामा करायचा म्हणजे कमाल झाली, असं वहिनींना वाटे. त्या हसून सोडून देत. पण गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "यांची दगदग आता पुरे. शरीर काही आपलं भाषण ऐकून घेत नाही." तेव्हापासून वहिनींच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

साहेबांचा चष्मा पुसून झाला. त्यांनी तो पुन्हा पुसायला घेतला. मागच्या रांगांत खाकरणं सुरू झालं. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला. पहिला आवाज आल्याशिवाय दुसरा काढायचा कसा, हे या पक्षात कुणी कुणाला शिकवलंच नव्हतं.

वहिनी उठल्या. हा माणूस आपल्याला जन्मात माफ करणार नाही, हे त्यांनी मनाशी धरलंच होतं. माफ न करता का होईना, पण घरी असेल. त्यांनी डोळे मिटले आणि त्या ओरडल्या,

"मंजूर!"

आणि सवयीने सगळं सभागृह ओरडलं, "मंजूर! मंजूर!" टाळ्यासुद्धा पडल्या. आपण काय बोलून बसलो हे लोकांच्या लक्षात येईपर्यंत कोपऱ्यात सभेचा वृत्तांत लिहीत बसलेल्या चिटणीसबाईंनी ते लिहूनही टाकलं होतं.

मग एकच धांदल उडाली. तिन्ही उपाध्यक्ष एकदम उभे राहिले. तिघांचे हात कोटाच्या आतल्या खिशात गेले आणि तिघांच्याही हाती घडी घातलेलं भाषण आलं. खिशात राहून राहून कागद पार पिवळे झाले होते. आजवर वहिनींच्या भावामागून सर्वांत मोठ्याने "नाही, नाही" ओरडत आले होते ते हेच तिघे. एकमेकांच्या हातातले कागद बघून ते असे ओशाळले की आधी खसखस पिकली आणि मग सगळं सभागृह खो खो हसू लागलं.

"ज्याच्या खिशात भाषण नाही, त्यालाच करा!" मागून कुणीतरी म्हणालं.

असा माणूस शोधता शोधता सगळ्यांच्या नजरा चिटणीसबाईंवर येऊन थांबल्या. त्या अजून लिहीतच होत्या.

"जरा थांबा हो," मान वर न करता त्या म्हणाल्या, "हे वाक्य पुरं करू द्या."

एवढ्यावर त्या निवडून आल्या. पक्षाच्या इतिहासात याहून आटोपशीर भाषण झालं नव्हतं.

साहेब व्यासपीठावरून खाली उतरले. त्यांनी वहिनींचा हात धरला आणि ते दाराबाहेर पडले. आत नव्या अध्यक्षांच्या नावाने टाळ्या वाजत होत्या. जिन्याच्या वळणावर साहेब दम खायला थांबले.

"अहो, काय रागवायचं ते इथेच रागवून घ्या," वहिनी म्हणाल्या. "घरी गेल्यावर नको."

साहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि ते हसायला लागले. कठड्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"रागवू कशाला? अगं, मी दर वर्षी खरंच सोडत होतो."

"मग एवढी वर्षं सोडलं का नाही?"

"सोडणार कसं? पहिला आवाज तुझ्या सख्ख्या भावाचा! मला वाटायचं, तूच त्याला पढवून बसवतेस."