शनिवारचं पोतं

“आज राहू दे ना,” थोंगवान म्हणाला. म्हणता म्हणता तो मुलीच्या मनगटावर राखणीचा पांढरा दोरा बांधतच होता.

“मी राहिले की तुम्ही निघाल,” चानपेन म्हणाली. “वर जाल गुडघे कुरकुरवत, आणि येताना मलाच पाठुंगळीला घ्यावं लागेल.”

“जीभ आईवर गेलीय.”

“आणि हट्ट बापावर.”

पोतं खांद्यावर टाकून ती टेकडीच्या वाटेला लागली. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा सोमनुक याच वाटेने बॉम्बचा पत्रा वेचायला गेला होता. एक बॉम्ब जिवंत निघाला.

विमानांनी बॉम्ब टाकलेली ती लढाई संपल्यापासून सगळं गाव बॉम्बचं ॲल्युमिनियम वितळवून चमचे ओतत आलं होतं. थोंगवानला दुसरं काही येतही नव्हतं. भट्टी थंड पडली तर म्हातारा स्वतः टेकडी चढेल, हे चानपेन ओळखून होती. म्हणून, ती सांगे त्याप्रमाणे, सोमवार ते शुक्रवार ती फोनसावन शहराच्या बाजारात मैत्रीण पिमफाच्या दुकानी बसून बापाचे चमचे विकी, तिथेच राही आणि शनिवारी टेकडीवरून पोतं भरून आणी. दर शनिवारी ती परतेपर्यंत थोंगवानच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्या रविवारी ती नदीवर धुणं घेऊन गेली आणि त्याने पोतं उपडं केलं. ठेचलेल्या तुकड्यांत एक लांबट तुकडा होता. त्याच्या पाठीवर केसाएवढी रेघ होती. थोंगवानच्या लाकडी साच्याला तडा गेला होता. ती रेघ त्याच्याच चमच्यांवर उठायची, दुसऱ्या कुणाच्या नाही.

त्याने आणखी तुकडे पाहिले. सगळीकडे तीच रेघ.

म्हणजे चमचे खपतच नव्हते. पोरगी तेच ठेचून परत आणत होती. ती टेकडीवर जातच नव्हती! थोंगवानला राग यायला हवा होता. तो भट्टीपाशी बसून आनंदाने रडला.

मग त्याच्या डोक्यात आलं, चमचे खपत नाहीत तर ती घरी पैसे आणते कुठून? पोर तिशीची, हसरी. कुणीतरी असणार. लपवायचं काय त्यात? त्याने स्वच्छ सदरा घातला आणि बस धरली.

पिमफा दुकानात पपई किसत होती.

“खरं सांग,” थोंगवान म्हणाला. “कोण आहे तो?”

“कोण, काका?”

“चानपेनला पैसे देणारा. माणूस भला असला म्हणजे झालं. घरजावई येईल, भट्टीला हात मिळेल. आणि उगाच भीत होतो मी! दर शनिवारी वाटायचं, आज काही ही परत येत नाही. जातच नव्हती गं ती!”

पिमफा हसली. मग तिचं हसू मावळलं. तिने त्याच्याकडे स्टूल सरकवलं.

“बसा काका. तसं कुणी नाही. पगार आहे तो तिचा.”

“तुझ्या दुकानाचा?”

“इथे कुठली बसते ती! टेकडीवर जिवंत बॉम्ब शोधणाऱ्या बायकांची तुकडी आहे ना, दीड वर्ष झालं, तिच्यात आहे. शनिवारी तेवढी येते माझ्याकडे, चमचे ठेचायला. त्या दिवशी त्यांना टेकडीची सुट्टी असते.”