पुलावरची म्हैस

दीपमालाच्या गेममधला पूल अर्धवट राहिला होता आणि पलीकडे गेलेला खेळाडू थेट पोकळीत पडायचा. म्हणून तिनं पुलावर एक म्हैस बसवून वाट अडवली, तात्पुरती. दोन पावसाळे झाले, म्हैस तिथंच होती. दीपमालाचा भाऊ हर्षल मात्र गेममध्ये रोज काहीतरी वाढवत होता. जत्रा झाली, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट झाला, आता तिसरं गाव चाललं होतं.

धामणगावहून आलेल्या कोकिळामावशीला त्यांनी आज पहिल्यांदा गेम खेळायला दिला. जत्रेत ती गेली, ती फक्त म्हशीसाठी चारा आणायला. मग पाणी आणलं. तासभर तिचं तेच चाललं होतं.

"काऊन उठत नाही वं हे? पाय दुखते काय तिचा?"

"मावशी, तिले उठताच येत नाही. तसं केलंच नाही आम्ही," दीपमालानं सांगितलं.

मावशीनं मोबाइल खाली ठेवला. "बिचारी. उठली का मले सांगजो."

ती गेल्यावर दीपमाला म्हणाली, "हर्षल, जत्रा, शंकरपट, ते तिसरं गाव, सारं काढ."

"येडी झाली काय ताई? मंग गेममधी राह्यते काय?"

"म्हैस. अन् ती उठल्यावर तिले चालायले पूल."