एकतीस फुटी दौलत

माळावरच्या सम्राट अशोकाचं तोंड शेवटी बदललं नाही. पण हे अजून झालेलंच नाही असं धरून चालू. कारण मंगळवारी सकाळी नागसेनला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं, की बारा वाजता त्याच्या बापाचं तोंड कापायचं आहे आणि माय अजून कापूस वेचून राह्यली आहे.

चूक त्याचीच. तहसील कचेरीत कारकून आहे म्हणून पुतळा समितीनं कागदपत्रांचं काम त्याच्या गळ्यात घातलं होतं. त्यानं मूर्तिकार हर्षदीपला मोबाइलवर दोन फोटो पाठवले. एक कॅलेंडरवरचा सम्राट, पुतळ्यासाठी. दुसरा वारलेला बाप दौलत, पायथ्याच्या कोनशिलेसाठी, कारण जागा दौलतच्या नावची, दान दिलेली. कोणता फोटो कुठं, हे नागसेननं लिहिलं नाही. मुकुटावरून कळेल असं त्याला वाटलं. हर्षदीपला वाटलं, मुकुटवाला देणगीदार असणार. देणगीदार लोक फोटोसाठी हौसेनं काहीही घालतात.

त्यामुळं कोनशिलेवर ‘भूमिदाता दौलत’ या नावावर सम्राट अशोक मंद हसत होते. आणि वर, कापसाच्या वावरांवर एकतीस फूट, मुकुट घातलेला दौलत. पुतळा सम्राटाचा म्हणून मुकुट हर्षदीपनं आपल्याकडचा चढवला होता. फ्लॅशनं डावा डोळा बारीक झालेला. कानामागं बिडी. फोटोत होती म्हणून पुतळ्यातही होती, हातभर लांब. समितीला आधी ती शिलालेख कोरायची छिन्नी वाटली. दोन दिवस सगळ्यांनी छिन्नीचं कौतुक केलं.

पायथ्याशी उभं राहून नागसेनलाही कळलं नाही; ओळखलं ते शेजारच्या वावरातल्या रेणुकाबाईनं. बैलगाडीतून जाताना तिनं सवयीनं डोक्यावर पदर ओढला, मग गाडी थांबवून विचारलं, दौलतभाऊ तिथं वर काय करून राह्यले. त्यानंतर सारं गाव पाहून गेलं. ज्यांच्याकडं दौलत बावीस वर्षं सालगडी म्हणून राबला, ते सुधाकरराव मोटारसायकल बंद करून बराच वेळ पाहत राह्यले. दौलतकडं मान वर करून पाहायची त्यांची ही पहिलीच वेळ, त्यामुळं मान लवकर दुखली.

अशोक विजयादशमीला तीन दिवस उरले होते. गाव सीमेवरचं, माणसं मराठी, कचेरी तेलुगू; दोन्ही राज्यांतून पाहुणे यायचे होते. समितीचे अध्यक्ष धम्मपाल गुरुजी म्हणाले, डोकं कापून नवं बसवू, पण जागा दौलतची. त्याच्या बायकोला विचारल्याशिवाय नको. नागसेनच्या मायनं, पंचफुलानं, पुतळा अजून पाह्यला नव्हता. वेचणी सोडून कोण येतं.

पावणेबाराला ती आली, ओटीतला कापूस तसाच. परांचीवर हर्षदीप ग्राइंडर घेऊन बसला होता. नागसेन पुतळ्याभोवती अकरावी फेरी मारत होता. माय रडेल याची त्याला भीती होती. हसेल याची जास्त.

पंचफुलानं बाजारात बैल पाहावा तसा पुतळा सगळीकडून पाह्यला. मग पुढं येऊन उभी राह्यली.

“बिडी अजून पेटोली नाही त्यानं,” ती म्हणाली.

गुरुजींनी घसा साफ केला. चूक झाली, कोणाच्या मनात काही नव्हतं, आजच्या आज नीट करून टाकू, वहिनींची हरकत नसावी, असं सगळं त्यांनी शाळेतल्यासारखं सावकाश सांगितलं.

“तोंडाचं मंग पाहू,” पंचफुला म्हणाली. “ह्यो उभा काऊन हाये?”

गुरुजी म्हणाले, सम्राट आहे, सम्राट उभेच असतात.

“मालकाच्या ओसरीपुढं जलमभर उभाच होता, गुरुजी. बस म्हनून कोनी म्हनलं नाही. मेल्यावरबी उभाच ठेवता का त्याले?”

वरून हर्षदीपनं विचारलं, चालू करू का, आणि उत्तराची वाट न पाहता ग्राइंडर एकदा फिरवून पाह्यला. नागसेनला तो स्वतःच्या जबड्यात ऐकू आला.

“तू कचेरीत हायेस न,” माय त्याला म्हणाली. “लिहून दे सायबाले. त्याले बसू द्या म्हना.”

गुरुजी हसले. असला अर्ज कधी मंजूर व्हायचा नाही, हे नागसेनही सांगणारच होता. तोंड उघडलं, आणि त्याला त्या अर्जाचा पुढचा सगळा प्रवास दिसला. मराठी अर्ज तेलुगूत करून आणा म्हणून परत येईल. तेलुगूतला जिल्ह्याला जाईल. जिल्हा विचारेल, सम्राटांना बसवणं कोणत्या खात्याकडं येतं. खाती एकमेकांना विचारतील. आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत अर्जातल्या वस्तूला कोणी हात लावायचा नाही, हा नियम नागसेननं नऊ वर्षांत शेकडो लोकांना खिडकीतून ऐकवला होता. एका माणसाची विहीर त्या नियमानं अजून अर्धीच होती.

त्याची बारावी फेरी झालीच नाही. कोनशिलेवर कागद ठेवून त्यानं उभ्या उभ्या अर्ज लिहिला. पंचफुलानं एक एक अक्षर लावून सही केली. मग त्यानं तो परांचीपर्यंत ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचला. धम्मपाल गुरुजींची सरकारी नोकरी तीस वर्षांची. अर्धा ऐकूनच त्यांनी हर्षदीपला ग्राइंडर घेऊन खाली उतरायला सांगितलं.

“…तरी मेहरबान तहसीलदार साहेबांस नम्र विनंती, की सदर सम्राटांना रोज दुपारी भाकरीच्या वेळेस अर्धा तास खाली बसण्याची परवानगी देण्यात यावी. आणि ते प्रत्यक्ष बसेपर्यंत त्यांच्या तोंडास कोणीही हात लावू नये.”