खवल्यांखाली

आखातातल्या दुखानच्या कंपनी-कॉलनीत टेलेक्सवाल्या डग्लसकडे शेजारचा, समुद्री किड्यांचा नाद असलेला इंग्रज साहेब चहाला आला, तो बर्फाच्या समुद्रातून आणलेला किडा बरणीत घालूनच. बोटाएवढा, पाठभर खवले. वसईहून महिनाभरासाठी आलेली डग्लसची आय बश्या ठेवता ठेवता बरणीवर वाकली.

"ही कोण?" साहेबानं विचारलं.

डग्लसची नजर आयच्या कोळणी लुगड्यावर गेली आणि तो इंग्रजीत बोलून गेला, "स्वयंपाकाला गावाकडून बाई आणलीये."

आयला इंग्रजी कुठलं कळायला! ती आपली खुशीत होती. "पोरा, ही मादी हाय. खवल्यांखाली अंडी असतील बघ. आपल्या किनाऱ्याच्या खडपातल्या पन अशाच पोटची पोरं झाकून ठेवतात."

डग्लसनं ते साहेबाला सांगितलं. साहेबानं किडा बशीत घेऊन चिमट्यानं एक खवला उचलला. खाली गुलाबी अंडी खच्चून भरलेली!

"वर्षभर मला दिसली नाहीत. हिला कसं कळलं?"

"काय म्हनतो रे तो?"

डग्लसनं खाली बघतच सांगितलं.

आय लाजून हसली. "मग सांग ना त्याला. म्हनावं, माजी आय हाय, जलमभर दर्यावरच राबली."

आय आणि साहेब, दोघंही डग्लसच्या तोंडाकडे बघत राहिली.